परदेशातली रेसिडेन्सी: दरवाजा कुणाच्या गरजेनं उघडतो?

बजबजहून पुन्हा एकदा तुमच्याशी बोलतोय.

गेल्या काही महिन्यांत नागपूर, बेळगाव, इंदूर, बडोदा अशा निरनिराळ्या गावांतून एकच प्रश्न आला. मुलगी एमबीबीएस झाली, नीट-पीजीत हवी ती ब्रँच मिळत नाही. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये जाऊन डर्मा, ऑर्थो, न्यूरोसर्जरी असं काही करता येईल का? किती वर्षं लागतील? घर गहाण टाकावं का?

मी डॉक्टर नाही, फौजी आहे. पण माझ्या सख्ख्या बहिणीचा मुलगा या वाटेनं गेला आणि त्या चार वर्षांत घरातला हिशेबनीस मीच होतो. कुठला कागद कधी, कुठली फी कधी, कुठला दरवाजा कुठं बंद, हे सगळं मी एका वहीत मांडत होतो. फौजेत कुठल्याही कामगिरीआधी आम्ही ‘ॲप्रिसिएशन’ करतो. उद्दिष्ट काय, जमीन कशी आहे, समोर कोण आहे, पर्याय कोणते आणि मग योजना. आज याच क्रमानं जाऊ.

आधी शब्द नीट समजून घेऊ

आपल्याकडे ‘फॉरेन मेडिकल ग्रॅज्युएट’ म्हटलं की रशिया, किर्गिझस्तान, फिलिपिन्स किंवा युक्रेनमधून पदवी घेऊन परत आलेला भारतीय विद्यार्थी डोळ्यांपुढे येतो. त्याला इथं एफएमजीई ही चाळणी परीक्षा द्यावी लागते. ती २००२ पासून आहे. ३०० गुणांची परीक्षा, १५० मिळाले की पास.

अमेरिकेत हाच शब्द उलट्या बाजूनं लागतो. पुण्याच्या बी. जे. मधून किंवा मुंबईच्या केईएममधून सुवर्णपदक घेऊन गेलेला विद्यार्थीही तिथं परदेशी पदवीधरच. तिथं ‘आयएमजी’ हा शब्द जास्त चालतो. आज आपण या दुसऱ्या अर्थाबद्दल बोलतोय: इथून पदवी घेऊन तिथं स्पेशालिस्ट व्हायला निघालेली मुलं.

नदीकाठच्या दोन गोष्टी

मी राहतो ते बजबज हुगळीच्या पूर्व काठावर आहे. कोलकात्याहून समुद्राकडे निघालेलं प्रत्येक जहाज या गावासमोरून जातं. आपल्या विषयाच्या दोन गोष्टी याच पाण्यावरून गेल्या आहेत.

पहिली आपल्या आनंदीबाई जोशींची. गोपाळराव टपाल खात्यात होते आणि त्यांची नेमणूक इथून वर, नदीकाठच्याच श्रीरामपूरला होती. तिथल्या कॉलेजात फेब्रुवारी १८८३ मध्ये आनंदीबाईंनी भाषण करून आपण अमेरिकेला का जातोय हे लोकांना सांगितलं आणि ७ एप्रिल १८८३ ला कलकत्त्याहून जहाज पकडलं. फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून त्या ११ मार्च १८८६ ला डॉक्टर झाल्या. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या वॉर्डाची जबाबदारी त्यांना मिळाली होती. पण क्षयानं गाठलं आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला त्या पुण्यात गेल्या. वय पुरतं बावीसही नव्हतं.

दुसरी गोष्ट कोमागाता मारूची. १९१४ च्या मे महिन्यात हे जहाज ३७६ प्रवासी घेऊन कॅनडाच्या व्हँकुव्हरला पोचलं. कॅनडाचा १९०८ चा नियम असा होता की येणाऱ्यानं आपल्या देशातून थेट, वाटेत न थांबता आलं पाहिजे. नियमात हिंदुस्थानचं नावही नाही. पण हिंदुस्थानातून कॅनडाला थेट येणारी बोटच नव्हती, म्हणजे नियम कुणासाठी होता हे उघड होतं. दोन महिने जहाज बंदरात अडकलं. आधीपासून कॅनडात राहणारे वीसेक जण, शिवाय जहाजाचे डॉक्टर आणि त्यांचं कुटुंब, एवढ्यांनाच उतरू दिलं. बाकीचे परत पाठवले. २९ सप्टेंबर १९१४ ला याच बजबजला ते उतरले तेव्हा पोलीस आणि सैन्याशी झटापट झाली, गोळीबार झाला, माणसं मेली. आज आमच्या रेल्वे स्टेशनच्या नावातही कोमागाता मारू आहे.

या दोन गोष्टी सांगायचं कारण असं. परदेशाचा दरवाजा तुमच्या गुणवत्तेसाठी उघडत नाही. तो त्यांच्या गरजेनं उघडतो आणि गरज संपली की बंद होतो. गुणवत्तेचा उपयोग उघड्या दरवाजातून आत जायला होतो, बंद दरवाजा उघडायला नाही. शिवाय नियम काय बोलतो याच्याइतकंच तो प्रत्यक्षात काय करतो हे पाहावं लागतं.

जमीन कशी आहे: उघडझापीचा इतिहास

अमेरिकेत १९६५ साली देशवार कोटा मोडणारा कायदा आला. त्याच वर्षी वृद्धांसाठी मेडिकेअर सुरू करायचा कायदाही झाला. रुग्ण वाढले, डॉक्टर कमी पडले आणि आपले डॉक्टर विमानं भरून गेले. आज तिथल्या मराठी मंडळांत सत्तरी-ऐंशीतले जे डॉक्टर आजोबा दिसतात ते त्या लाटेतले.

१९७६ मध्ये त्याच देशाच्या संसदेनं कायद्यात लिहून टाकलं की डॉक्टरांचा तुटवडा आता उरलेला नाही, परदेशी डॉक्टरांना प्राधान्याची गरज नाही. नवी परीक्षा आली, व्हिसा कडक झाला. पुढे खेड्यापाड्यांत डॉक्टर मिळेनात, म्हणून १९९४ मध्ये फट ठेवली. तिला कॉनरॅड कार्यक्रम म्हणतात. प्रत्येक राज्य आज वर्षाला ३० परदेशी डॉक्टरांना सूट देऊ शकतं. अट अशी की तीन वर्षं डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात काम करायचं.

इंग्लंडचंही तसंच. २०१९ पासून तिथं परदेशी डॉक्टरांना स्पेशालिटी ट्रेनिंगसाठी स्थानिकांच्या बरोबरीनं अर्ज करता येऊ लागला. अर्ज इतके वाढले की स्थानिक मुलांनाच जागा मिळेना. जुलै २०२५ मध्ये तिथल्या सरकारनं आपल्या दहा वर्षांच्या आरोग्य योजनेत स्पष्ट सांगितलं की ट्रेनिंगच्या जागांवर ब्रिटिश पदवीधरांना प्राधान्य दिलं जाईल. कालपर्यंतचा सल्ला आज शिळा होतो तो असा. शेजारच्या डॉक्टरकाका १९७२ मध्ये कसे गेले हे ऐकायला छान आहे, पण नकाशा म्हणून वापरायला नको.

समोर कोण आहे: कुठली ब्रँच उघडी, कुठली बंद

अमेरिकेत रेसिडेन्सीच्या जागांना बराच पैसा मेडिकेअरकडून येतो आणि १९९७ च्या कायद्यानं त्या जागांवर मर्यादा घातली. त्यामुळे जागा मनाला येईल तशा वाढत नाहीत. मग ज्या ब्रँचमध्ये मिळकत चांगली, रात्रीच्या हाका कमी किंवा मान मोठा, त्या तिथल्या मुलांनाच पुरत नाहीत. डर्मटॉलॉजी, प्लास्टिक सर्जरी, ऑर्थोपेडिक्स, न्यूरोसर्जरी, ईएनटी, यूरॉलॉजी, डोळ्यांची ब्रँच या सगळ्या यात येतात. परदेशी पदवीधर तिथं पोचतच नाहीत असं नाही, पण अगदी थोडे पोचतात.

उलट इंटर्नल मेडिसिन, फॅमिली मेडिसिन, बालरोग, मनोविकार, न्यूरॉलॉजी, पॅथॉलॉजी या ब्रँचमध्ये परदेशी पदवीधर मोठ्या संख्येनं घेतले जातात. कारण गरजच तिथं आहे. अमेरिकेतल्या डॉक्टरांपैकी साधारण चौथा हिस्सा परदेशात शिकलेला आहे आणि त्यात सर्वांत मोठा गट भारतीयांचा.

आकडे पाहू. २०२४ च्या मॅचमध्ये पहिल्या वर्षाची जागा मिळण्याचं प्रमाण अमेरिकी एमडी विद्यार्थ्यांत ९३.५ टक्के होतं, डीओ विद्यार्थ्यांत ९२.३ टक्के. परदेशात शिकलेल्या अमेरिकी नागरिकांत ६७ टक्के आणि परदेशात शिकलेल्या परदेशी नागरिकांत, म्हणजे आपल्या मुलांत, ५८.५ टक्के. दहातल्या चार मुलांना रिकाम्या हातानं बसावं लागलं. आणि हा सगळ्या ब्रँच मिळून आकडा आहे. ‘यशाचं प्रमाण साठ टक्के’ असं कुणी जाहिरातीत सांगितलं तर विचारा, कुठल्या ब्रँचचं?

कागदपत्रं आणि परीक्षा

अमेरिकेत रेसिडेन्सी करायची तर ईसीएफएमजी या संस्थेचं प्रमाणपत्र लागतं. ही संस्था १९५६ पासून हेच काम करते. त्यासाठी स्टेप वन, स्टेप टू सीके, इंग्रजीची ओईटी परीक्षा, रुग्णाशी बोलण्याचं कौशल्य दाखवणारा एक ठरलेला मार्ग आणि कॉलेजकडून पदवीची थेट पडताळणी. पूर्वी अमेरिकेत जाऊन द्यायची स्टेप टू सीएस ही परीक्षा होती, ती २०२१ मध्ये कायमची बंद झाली. कॉलेजची मान्यता हाही मुद्दा आहे. आपल्या राष्ट्रीय वैद्यक आयोगाला २०२३ मध्ये जागतिक महासंघाची दहा वर्षांसाठी मान्यता मिळाली, म्हणून भारतीय कॉलेजांच्या मुलांची ती काळजी तूर्त मिटली आहे.

मोठा बदल २६ जानेवारी २०२२ ला झाला. त्या दिवसापासून स्टेप वनला गुण नाहीत, फक्त पास किंवा नापास. पूर्वी आपली मुलं इथंच बाजी मारायची. दोन वर्षं घासून २६० गुण आणले की कॉलेजचं नाव कुणी विचारत नसे. आता ती संधी स्टेप टू सीकेवर आली आणि उरलेलं वजन अनुभव, संशोधन व शिफारसपत्रांवर गेलं. म्हणजे जे घरी बसून अभ्यासानं मिळत नाही त्यावर. बदल करताना आपल्या मुलांचा विचार कुणी केला नसेल, पण परिणाम त्यांच्यावरच जास्त झाला. कोमागाता मारूचा नियम आठवा.

दोन सूचना. एक, एकदा पास झालात की गुण वाढवायला पुन्हा बसता येत नाही. कमी गुणांनी पास होणं कधी कधी नापास होण्याइतकंच महागात पडतं. म्हणून तयारी पुरी झाल्याशिवाय तारीख घेऊ नका. एका परीक्षेला चारच प्रयत्न आहेत. दोन, ‘मागच्या परीक्षेतले प्रश्न’ विकणाऱ्या गटांपासून लांब राहा. जानेवारी २०२४ मध्ये परीक्षा मंडळानं नेपाळशी संबंधित अनेक उमेदवारांचे निकाल रद्द केले, कारण प्रश्न आधीच फुटल्याचं त्यांना दिसलं. अशा निकालानंतर सगळी वाट पुन्हा पहिल्यापासून चालावी लागते.

मॅच कशी चालते

सप्टेंबरमध्ये अर्ज, ऑक्टोबर ते जानेवारी मुलाखती, मग दोन्ही बाजूंची पसंतीची यादी, मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात निकाल आणि १ जुलैच्या सुमारास कामावर हजर. सोमवारी फक्त जागा मिळाली की नाही हे कळतं, कुठं ते शुक्रवारी. ज्यांना मिळाली नाही त्यांच्यासाठी मधल्या दिवसांत उरलेल्या जागांची धावपळ असते.

ही जुळवणी १९५२ पासून चालते. आजची पद्धत ॲल्विन रॉथ आणि इलियट पेरान्सन यांनी नव्यानं बांधली, ती १९९८ पासून लागू आहे. मुळातलं गणित गेल आणि शॅप्ली यांचं, १९६२ चं. रॉथ आणि शॅप्ली यांना २०१२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. उदाहरण घेऊ.

दोन हॉस्पिटलं, प्रत्येकी एक जागा: एक शहरातलं, एक गावातलं. तीन उमेदवार: क, ख आणि ग. क आणि ख दोघांनाही आधी शहर हवं, मग गाव. ग नं यादीत फक्त शहर लिहिलं. शहराच्या यादीत आधी ख, मग क, मग ग. गावाच्या यादीत आधी क, मग ख. आता क चा अर्ज शहराकडे जातो. जागा मोकळी आहे, तात्पुरती मिळते. मग ख चा अर्ज जातो. शहराला ख जास्त हवा, म्हणून क बाहेर. क चा अर्ज आता गावाकडे जातो आणि तिथं त्याला घेतात. ग चा अर्ज शहराकडे जातो, पण ख वर आहे. ग ची यादी तिथंच संपते, जागा नाही.

यातून दोन धडे. क नं शहर वर लिहिलं म्हणून त्याचं गाव हातचं गेलं नाही. म्हणजे यादी मनातल्या खऱ्या पसंतीनं लिहायची, ‘ते मला घेतील का’ या अंदाजानं नाही. आणि ग चं नुकसान शहर वर लिहिल्यानं झालं नाही, पुढं काहीच न लिहिल्यानं झालं. मात्र ही जुळवणी बंधनकारक असते. जिथं जायची तयारीच नाही ते नाव यादीत लिहू नका.

पण यादीत नाव यायला आधी मुलाखत लागते आणि परदेशी मुलाची खरी चाळणी तिथं होते. हजारो अर्जांत माणूस वाचत नाही, आधी संगणक गाळतो. पदवी होऊन किती वर्षं झाली, परीक्षेत अपयश आहे का, व्हिसा लागणार का. या तीन चाळण्यांतून उरलं की मग कुणीतरी अर्ज उघडतो.

भाच्याची गोष्ट

माझा भाचा महाराष्ट्रातल्या सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झाला. त्याला ऑर्थोच करायचं होतं. परीक्षा चांगल्या गेल्या. मग कळलं की ऑर्थोसाठी तिथल्या माणसाची ओळख आणि शोधनिबंध लागतात. तो एका अमेरिकी हॉस्पिटलच्या ऑर्थो विभागात संशोधनाला लागला. पहिले सहा महिने बिनपगारी, नंतर जेमतेम खर्च भागेल एवढं. दोन वर्षं त्यानं दुसऱ्यांच्या ऑपरेशनांचे आकडे मोजले. ज्यांच्या शिफारसपत्रावर सगळी भिस्त होती ते वरिष्ठ ऐन अर्जाच्या आधी दुसरीकडे गेले आणि पत्र वेळेत आलं नाही. त्यानं फक्त ऑर्थोला अर्ज केले. मार्चच्या त्या सोमवारी ई-मेल आला: जागा नाही.

बहिणीनं त्या दिवशी मला फोन केला आणि दहा मिनिटं काही बोललीच नाही. तीस लाखांच्या आसपास खर्च झाला होता. भावोजींची निवृत्ती दोन वर्षांवर. मुलगा एकोणतीस वर्षांचा, गावात त्याचे वर्गमित्र दवाखाने थाटून बसलेले.

मी त्याला एकच विचारलं, तुझं उद्दिष्ट काय होतं? ऑर्थो, की अमेरिका, की हाडा-सांध्यांच्या रुग्णांना बरं करणं? तिन्ही एकच धरून तो चालला होता. त्यानं आठवडाभर घेतला. पुढच्या वर्षी इंटर्नल मेडिसिनला अर्ज केला आणि मोठ्या शहरांबरोबर आतल्या, थंडीच्या, कुणी जाऊ इच्छित नाही अशा गावांतल्या हॉस्पिटलांनाही केला. तिथं जागा मिळाली. आता तिसऱ्या वर्षाला आहे आणि ऱ्हुमॅटॉलॉजीची फेलोशिप करायची म्हणतो. सांधेच, पण स्क्रू ऐवजी औषधांनी. शेवट गोड झाला असं मी म्हणणार नाही. ऑर्थोचं नाव निघालं की तो अजून गप्प होतो. पण तो रुग्ण तपासतोय आणि कर्ज फिटतंय.

पर्याय कोणते

पहिला, थेट स्पर्धेच्या ब्रँचला भिडणं. त्यासाठी दोन-तीन वर्षं संशोधन, तिथल्या विभागात ओळख आणि रिकाम्या हातानं परतण्याची तयारी हवी. इथं ‘प्रिलिमिनरी’ नावाचा शब्द नीट ओळखा. प्रिलिमिनरी सर्जरी म्हणजे फक्त एका वर्षाची जागा. तिच्या शेवटी स्पेशालिस्ट होण्याची हमी नाही. ‘सर्जरीत लागला’ म्हणून पेढे वाटण्याआधी ती पूर्ण मुदतीची आहे का ते पाहा.

दुसरा, उघड्या दरवाजातून आत जाऊन वळणं. इंटर्नल मेडिसिन केल्यावर कार्डिऑलॉजी, गॅस्ट्रो, कॅन्सर अशा फेलोशिप असतात. तिथंही स्पर्धा आहे, पण तोवर तुम्ही तिथले प्रशिक्षित डॉक्टर असता.

तिसरा, इंग्लंड. प्लॅब पास झालं की नोंदणी मिळते, नोकरी नाही. नोकरी मिळाली तरी ती ट्रेनिंगची असेलच असं नाही, बिगर-ट्रेनिंग जागा खूप असतात. ट्रेनिंगशिवाय अनुभवाचे पुरावे जमवून स्पेशालिस्ट यादीत जाण्याचा ‘पोर्टफोलिओ’ मार्ग आहे. लांबचा आहे, पण खरा आहे.

चौथा, जर्मनी. तिथं मॅच नाही, हॉस्पिटल थेट नेमतं. पण आधी भाषा. रुग्णाशी आणि सहकाऱ्यांशी जर्मनमध्ये बोलता येतं हे वैद्यकीय भाषेच्या परीक्षेत दाखवावं लागतं.

पाचवा, भारत. हा हरल्याचा पर्याय नाही. आणि इथं एमएस ऑर्थो करून मग अमेरिकेला जाऊ असं ज्यांच्या मनात आहे त्यांनी लक्षात ठेवा, आपली एमडी-एमएस तिथं रेसिडेन्सी म्हणून धरत नाहीत, साधारणपणे पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. टेनेसीनं २०२३ मध्ये परदेशी प्रशिक्षित डॉक्टरांना तात्पुरता परवाना देणारा कायदा केला, इतर काही राज्यंही त्या वाटेवर आहेत. पण अशा परवान्यानं बोर्डाचं प्रमाणपत्र मिळत नाही.

व्हिसा हा शेवटचा नाही, पहिला प्रश्न

बहुतेक मुलं जे-वन व्हिसावर जातात. त्यासाठी आपल्या आरोग्य मंत्रालयाचं पत्र लागतं आणि प्रशिक्षण संपल्यावर दोन वर्षं मायदेशी परतण्याची अट असते. ती टाळायची तर मघाशी सांगितलेला टंचाईच्या भागातला तीन वर्षांचा मार्ग. एच-वन-बीला ही अट नाही, पण त्यासाठी स्टेप थ्री आधी पास व्हावं लागतं आणि सगळी हॉस्पिटलं तो देत नाहीत. त्यात १९ सप्टेंबर २०२५ च्या आदेशानं देशाबाहेरच्या माणसासाठी केलेल्या नव्या एच-वन-बी अर्जांवर १ लाख डॉलरची रक्कम लावली. रेसिडेंटसाठी असा भार किती हॉस्पिटलं उचलतील, विचार करा. म्हणून अर्ज करण्याआधी प्रत्येक हॉस्पिटलच्या संकेतस्थळावर व्हिसाचं कलम आधी वाचा.

योजना

पालकांनो आणि मुलांनो, बसून एका कागदावर चार गोष्टी लिहा.

एक, उद्दिष्ट एका वाक्यात. त्यात ‘आणि’ हा शब्द आला तर दोन उद्दिष्टं आहेत, त्यांतलं कुठलं आधी ते ठरवा.

दोन, पूर्ण खर्च. परीक्षा, ओईटी, पडताळणी, अर्ज, प्रवास, तिथलं राहणं. अर्जांची फी जितकी हॉस्पिटलं वाढतात तितकी चढते. शिवाय मुलगा जी दोन-तीन वर्षं कमावणार नाही तोही खर्चच आहे.

तीन, अनुभव कसला घ्यायचा. नुसतं मागं उभं राहून पाहणं आणि प्रत्यक्ष रुग्ण हाताळणं यांत मोठा फरक आहे. मोठी रक्कम घेऊन ‘हमखास शिफारसपत्र’ देणाऱ्यांना पैसे देऊ नका. तीन महिन्यांत दहा निबंध छापून देणाऱ्यांनाही नाही. मुलाखतीत त्या निबंधावर एक प्रश्न आला की पितळ उघडं पडतं.

चार, मागे फिरण्याची रेषा. फौजेत हल्ल्याआधीच ठरलेलं असतं की काय झालं तर माघार घ्यायची. गोळीबार सुरू झाल्यावर तो निर्णय नीट होत नाही. तसंच इथं. ‘दोन मॅच, किंवा अमुक लाख, यांपैकी जे आधी संपेल’ असं आधीच लिहा आणि आईवडिलांनी व मुलानं तिघांनी सह्या करा. मग जागा मिळाली नाही तरी घरात कुणी कुणाकडे बोट दाखवत नाही. आमच्या घरात असा कागद दुसऱ्या वर्षी केला आणि त्या वर्षी बहीण रात्री झोपू शकली.

शेवटचं मुलांसाठी. परदेशी जागा मिळाली नाही म्हणजे तुम्ही कमी पडलात असं नसतं. त्या वर्षी त्या देशाला त्या ब्रँचमध्ये तुमची गरज नव्हती, एवढंच बहुतेक वेळा खरं असतं. तुमची गरज असलेली गावं पृथ्वीवर भरपूर आहेत आणि त्यांतली बरीचशी महाराष्ट्रात आहेत.

पुढच्या भागात सैन्याच्या वैद्यकीय सेवेत जाण्याची वाट आणि पुण्याचं एएफएमसी, यावर बोलू. प्रश्न पाठवत राहा. जय हिंद.